पुतळीकाकी विस्तव न्यायला यायची

काडीपेटी भरलेली हुती. मी उघडून बघितली, आमच्या धन्यांनी बघितली, लखूमामानं बघितली. आत काड्या तशाच वळीनं निजलेल्या, लाल डोक्याच्या. आनि चूल थंड. अशी थंड, की व्हाळातला दगड बरा.

आजून माझ्या डोक्यात शिरत न्हाई. म्हातारं मानूस हिवतापानं जातं, त्यात नवल न्हाई. आमच्या ह्या सुप्याच्या रानात दर वर्साला ताप कुनाला ना कुनाला नेतोच. पर छपराला काडीपेटी टांगलेली, चुलीत लाकडं रचलेली, आनि मानूस त्याच चुलीपुढं कुडकुडून मरतं, हे मी कवा ऐकलं न्हाई. तुमी ऐकलं असंल तर सांगा मला.

पुतळीकाकी म्हंजे माझी चुलत सासू. आमच्या धन्यांच्या चुलत्याची बायको. धन्यांचं नाव मी घेत न्हाई, पर काकी त्यांस्नी झिलू म्हनायची, म्हंजे पोरा, तिचं बोलनं सांगताना तेवढं तोंडात येतं.

तिचं माहेर दिग्गीकडं, घाटाच्या कडंला. लगीन हून आली तवा येवढी बारकी हुती म्हनं, की सासरा तिला खांद्यावर बसवून व्हाळ पार करायचा. दोन पोरं झाली, दोन्ही एकाच वर्साला तापानं गेली. मग चुलता. ठेकेदाराची लाकडं वढताना वरनं ओंडका गडगडत आला, आनि संपलं. काकीनं त्या वक्ताला फार रडारड केली न्हाई म्हनत्यात. दुसऱ्या दिशी कोयता घिऊन रानात गेली, कुमरीचं काम आर्धं हुतं म्हनून.

कुमरी म्हंजे काय ते सांगते. आमी लोक डोंगराचा एक तुकडा तोडायचो, वाळवायचो, जाळायचो, आनि त्या राखेत नाचनी पेरायची. दोन-तीन वर्सं पीक घ्यायचं, मग दुसरा तुकडा. तवा व्हाळाच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला पाच घरं हुती. काकीचं त्यातलं एक. मग सरकारनं कुमरी बंद केली. गार्ड आला, दगडं रोवली, ह्याच्या पल्याड कोयता चालवायचा न्हाई म्हनला. बाकीची चार घरं खाली आली भातखाचरं करायला. काकी न्हाई आली. ती तिथंच ऱ्हायली, रानाच्या तोंडाशी, एकटी.

माझी सासू गेल्यावर आमी दोघांनी तिला लई इनवलं.

"काकी, हितं ये ऱ्हायला. वसरी रिकामी हाय."

"आनि माझी चूल?"

"चूल काय, हितं एक हाय की."

"ती तुझ्या आईची. आमी दोघींनी भांडून वायल्या चुली केल्यात, इसरलास व्हय? माझी चूल माझ्या घोवानं हातानं लिपलीया. ती टाकून आले तर तो वरनं इचारंल, काय गे, माझ्या मातीचं काय केलंस." मग हसायची. "आनि रोज तर येतेच की मी. पाय दुखूस्तवर येते."

ते खरंच. रोज यायची. विस्तव न्यायला.

हिकडं काडीपेट्या अजूनबी घरोघर न्हाईत. एकदा पेटवलेली चूल ऱ्हातीच. रात्री ओंडक्याचं टोक राखेत पुरायचं, सकाळी राख बाजूला केली की आत लाल डोळा. तो मेला तर शेजारच्या घरी जायाचं, खापरात थोडी राख घ्यायची, राखेवर विस्तव, वर परत राख, आनि घरी. विस्तवाला कुनी न्हाई म्हनत न्हाई. त्याच्या बदल्यात काय देतबी न्हाईत. येवढंच, की दिवा लागल्यावर घरातनं विस्तव भायेर जात न्हाई. म्हनून काकी सकाळचीच यायची, धुकं आसंल तर धुक्यातनं. आधी खोकला ऐकू यायचा, मग खापर दिसायचं, मग काकी.

आमचे धनी तिला छळायचे.

"काकी, तुझी चूल हाय का म्हातारी कोंबडी? रोज रातीला मान टाकती."

"म्हातारीच ती. तुझ्या बायकोची चूल तरनी हाय, म्हनून तर येते."

"घे आनि जा बिगीनं. न्हाईतर वाटेतच राख हुईल."

"मुरू दे रे जरा. कवळा विस्तव वाटेत टिकत न्हाई."

आनि मग बसायची. ओट्याच्या खांबाला पाठ लावून, खापर मांडीपाशी. विस्तव मुरायचा आनि काकी बोलायची. काल गवा आला हुता, कुडाला अंग घासलं, मी आतनं म्हनलं, घास बाबा, घर पाडू नको, दुसरं बांधायला मानूस न्हाई. अमक्या झाडाला मध लागलंय. तमक्या ठिकानी अळंबी उगवली. माझ्या पोराला न्हाऊ घालताना बघायची आनि म्हनायची, डोस्क्यावर येवढं पानी नको घालू गे, तो काय आंबा हाय? बोलता बोलता खापरातला विस्तव काळा पडायचा. मग दुसरा मागायची. कंदी कंदी तिसरा. आमी हसायचो. कनगी, कोन, आसलं काय काय कंदमूळ उकरून आनायची, ते ओट्यावर ठेवायची आनि म्हनायची, हे विस्तवाचं न्हवं हां, हे सुम्म आनलंय. सुम्म म्हंजे उगंच, कानडीत.

एक गोष्ट माझ्या डोळ्यापुढं हुती आनि मला दिसली न्हाई. मी नवीन लगीन हून आले तवा माझी चूल सकाळपत्तुर टिकायची न्हाई. सासू तोंड वाकडं करायची. तवा मला शिकवलं कुनी? काकीनं. खैराचं लाकूड कसं निवडायचं, त्याचं टोक कसं पुरायचं, राख किती दाबायची. "चुलीला पोरावानी झाकायचं," म्हनली, "तोंड उघडं ठेवायचं, श्वास घिऊ द्यायचा." ऐन पावसाळ्यात कुमरीवरच्या माळ्यात, चारी बाजूनं झड, आनि हिचा विस्तव चार-चार दिस जिता ऱ्हायचा, असं सगळं गाव सांगायचं. आनि त्याच बाईची चूल रोज मरती, ह्याचं आमाला कुनाला काय वाटलं न्हाई. म्हातारी झाली म्हनलं. हात कापत्यात म्हनलं.

चवथीला आमचे धनी लोंढ्याहून आले. तिथं लाकडाच्या डेपोत कामाला जातात मधनं मधनं. येताना काडीपेटी घिऊन आले. पेटीवर घोड्याचं चित्तर. मला वाटलं आमाला. तर म्हनले, न्हाई, काकीला. पाय सुजल्यात तिचे, व्हाळातले दगड शेवाळलेत, रोज कशाला मरती.

मला ते बरं वाटलं. खरं सांगते, माझा मानूस कसा मायाळू हाय असंच वाटलं.

सकाळी काकी आली, खापर घिऊन. धन्यांनी तिला खाली बसवलं आनि पेटी हातात दिली.

"हे काय?"

"काडी वढून बघ."

"मला न्हाई येत बाबा आसलं."

"येतंय. अशी धर. आता वढ. तुझ्याकडं न्हवं, पल्याड."

वढली. पेटली. काकी बघतच ऱ्हायली. काडी जळत जळत बोटापत्तुर आली तरी सोडंना. मीच फुकर मारली.

"बघ," धनी म्हनले, "आता कुनाच्या दाराला जायाला नको. चूल मेली तर मरू दे. तू आता रानी झालीस."

काकी हसली. पेटी पदराच्या गाठीत बांधली. "बरं केलंस रे, झिलू," म्हनली. मग खापर उचलायला वाकली, तर धनी म्हनले, आता ते कशाला गे, ऱ्हाऊ दे हितंच. काकीनं खापर परत ठेवलं. ओट्याच्या कोपऱ्यात, पालथं. आनि गेली. त्या दिशी पयल्यांदा ती बसली न्हाई. कशाला बसंल? मुरायला काय न्हवतंच.

त्यानंतर ती एकदाच आली. हातात कनगी हुत्या दोन. ओट्याच्या पायरीवर बसली, वर आलीच न्हाई. धनी खळ्याची जागा सारवायला निघालेले, घाईत. त्यांनी साधंच इचारलं, आपुन कुनालाबी इचारतो तसं, "काय काकी, काय पायजे हुतं?"

"काय न्हाई. सुम्म आले हुते."

कनगी ठेवल्या आनि उठली. धन्यांच्या मनात काय न्हवतं, द्येवाशपथ न्हवतं. पर आमच्या गावात सकाळच्या पारी बाईमानूस बिनकामाचं कुनाच्या दारात जात न्हाई. ज्याच्या त्याच्या मागं काम असतं. त्यात बिनन्हवऱ्याची बाई. लोक लगीच म्हनत्यात, बसायला आली, न्ह्याहारीच्या वासानं आली. काकी लई मानी. विस्तव मागनं म्हंजे मागनं न्हवं, तो द्यावाच लागतो. पर नुसतं बसनं, ते मागावं लागतं.

मग ती आलीच न्हाई.

आमाला चुकल्या-चुकल्यावानी वाटलं न्हाई असं न्हाई. पोरगं खांबाकडं बघायचं. पर मी म्हनलं, चला, म्हातारीच्या पायाला आराम. मग भातं पिकली. कापनी, मळनी, रातंदीस खळं. धुकं असं पडायचं की व्हाळाच्या पल्याडचा डोंगर दुपारपत्तुर दिसायचा न्हाई, मग काकीच्या छपरातनं धूर येतोय का न्हाई हे कोन बघनार. एकदा मी धन्यांस्नी म्हनलं, काकीला बघून या हो. ते म्हनले, नव्याला येतीच की, तवा बघू.

नव्याला म्हंजे नव्या तांदळाचा पयला भात खातो त्या दिशी. त्या दिशी घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं असतं, वायल्या चुलीवाल्यांनीबी. काकीला कवा बोलवावं लागलं न्हाई. तिचा हक्कच तो. दर वर्साला आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून पयली हजर, आनि मी भातावर गूळ-खोबरं वाढताना ती म्हननार, "वर चमच्यानं काय घालतीस, हातानं घाल, तुझ्या बापाचं काय जातंय?"

मी तिचं पान मांडलं. भात निवत चालला. पोरगं म्हनलं, भूक लागली. धनी भायेर जाऊन हाक मारून आले. व्हाळाच्या पल्याडनं काय उत्तर न्हाई.

"मी जाते," म्हनलं. "पाय दुखत असंल. हात धरून आनते."

दुपार हुती. चांगलं ऊन पडलेलं. दाराची ताटी आर्धी लोटलेली. कोंबडी दारात, तिच्या पायात पाय घालून मी पडता पडता वाचले. हाक मारली. आत काकी चुलीपुढं बसलेली, कांबळं पांघरून, गुडघे पोटाशी. मला वाटलं डुलकी लागली. मी म्हनलं, "काय गे काकी, पान मांडून बसलोय आमी, आनि तू हितं?" आनि खांद्याला हात लावला.

ते लाकूड हुतं. मानूस न्हवतं.

मी वरडले न्हाई. काय झालं मला कुनास ठाऊक, मी तिच्या शेजारी बसले आनि चुलीत हात घातला. म्हनलं आधी पेटवू, तिला ऊब मिळंल. बघा, काय मानसाचं डोस्कं. चुलीत सगळं मांडलेलं हुतं. खाली वाळला पाला, वर काटक्या, वर बारीक लाकडं, मधी जागा सोडलेली. नुसता विस्तव आनून ठेवायचा, फुकायचं, की पेटलं. कुनीतरी विस्तव घिऊन येनार असल्यावानी. आनि वर, तिच्या डोस्क्यावरच, छपराच्या वाशाला फडक्यात बांधलेली पेटी. घोडं तसंच. काड्या तशाच. एक तेवढी कमी, ती आमच्या ओट्यावर वढलेली. म्हंजे चवथीपासनं ही चूल पेटलीच न्हवती, तवाधरनं काकी कच्चं-कोरडं खाऊनच ऱ्हायली असनार.

मग मी पळत गेले.

धनी आले, लखूमामा आला, तो आमच्या वाडीचा गावकर, म्हंजे मुख्य मानूस, मग बाकीची मानसं. धनी पेटी हातात घिऊन हुबे. "तिला वढता येत हुती," येवढंच म्हनत हुते. "केशर, तू बघितलंस न्हवं, तिला वढता येत हुती."

मी पाला, काटक्या बाजूला केल्या. का केल्या म्हाईत न्हाई. खालची राख हाताला लागली, ती भुकटी न्हवती. दगड झालेली. पापुद्र्यावर पापुद्रा, भाकरीवर भाकरी ठेवल्यावानी. नखानं उकरली तर खपली निघाली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली आनि एक. वर्सानुवर्सांची.

लखूमामा वाकला. "छप्पर गळत असंल."

"वर बघा," मी म्हनलं.

वर काजळी. कोरडी, काळी, चकचकीत. पान्याचा एक ओघळ न्हाई. आनि चुलीच्या कडंला बारकं मडकं, पान्याचं, तोंड राखेनं पांढरं झालेलं.

राखेवर पानी वतल्याबिगर राख अशी हुत न्हाई. हे तिथल्या सगळ्या बायांस्नी कळलं. मी धन्यांकडं बघितलं. त्यांस्नी कळायला येळ लागला, मग कळलं, आनि ते ताटीला धरून खाली बसले.

रोज. दर सकाळी. रातभर पोरावानी झाकून जितं ठेवलेलं, ते उठून आपल्याच हातानं विझवायचं, खापर घ्यायचं, व्हाळ वलांडायचा. खांबाला पाठ लावून बसायला. बारा महिने, किती वर्सं, मला सांगता येत न्हाई.

काशी रडाया लागली. काशी आमच्या शेजारची, पान्याला झऱ्यावर जाती. म्हनली, "मला भेटलेली ती, कापनीच्या आधी. मी म्हनलं, काय गे पुतळे, आताशा केशरकडं जात न्हाईस? तर म्हनली, कशाला जाऊ? विस्तव आता घरातच हाय. हसत म्हनली गे. मला काय ठाऊक."

काशीला ठाऊक न्हवतं. कुनालाच न्हवतं. मग तिनं काडी का वढली न्हाई, असं लखूमामानं इचारलं. मला वाटतं ती थांबली हुती. एक काडी वढली असती की तिला आमच्या दारात यायचं कारन उरलं नसतं. न वढता ऱ्हायली तवर कंदीतरी खापर मागायला येता आलं असतं. पर आमी तिला पेटी दिलीया, आता विस्तव मागायचा कसा, ह्याबी लाजंनं ती आली न्हाई. मधीच अडकली. तेवढ्यात ताप आला. हे माझं आपलं वाटनं. खरं काय ते तिच्याबरूबर गेलं.

तिरडी बांधली. आता विस्तव पायजे. मेलेल्याच्या चुलीतला विस्तव मडक्यात घालून पुढं न्ह्यायचा, तोच चितेला. आनि हिची चूल ही अशी.

लखूमामा म्हनला, "मेलेली चूल कुठली विस्तव देनार. पेटी हाय न्हवं? काडी वढा, हितंच चुलीत पेटवा, आनि चला. उन्हं कलली."

धन्यांनी पेटी लखूमामाकडं केली.

"न्हाई," मी म्हनलं.

बायामानसांनी अशा वक्ताला बोलायचं नसतं. लखूमामानं वळून बघितलं.

"काय न्हाई?"

"त्या काडीचा विस्तव ह्या चुलीचा न्हवं, मामा. ह्या चुलीत काडीचा विस्तव कवाच पेटला न्हाई. हिथं जो विस्तव हुता तो रोज आमच्या चुलीतनं आला. मग हिच्या चुलीचा विस्तव आता कुठं हाय? आमच्याकडं हाय. जिता हाय."

एक म्हातारा मागनं म्हनला, "पोरगी बरूबर बोलती." लखूमामानं मान खाली घातली, मग म्हनला, "जा. बिगीनं जा, घिऊन ये."

मी व्हाळ वलांडून घरी आले. पंगतीत तिचं पान तसंच हुतं, भातावर माशी बसलेली. ओट्याच्या कोपऱ्यातलं खापर उचललं. पालथं हुतं, खाली कोळ्यानं घर केलेलं. पुसलं. चुलीतनं राख घेतली, राखेवर विस्तव ठेवला, वर राख. आनि निघाले हुते, खरंच निघाले हुते. पर ओट्यावर आल्यावर पाय चालंनात. मी खांबाला पाठ लावून खाली बसले, तिच्या जाग्यावर. खापर मांडीपाशी ठेवलं. पाठीला तो खांब गुळगुळीत लागला. खांब त्या जाग्यावर झिजलाय, हेबी मला त्या दिशीच कळलं.

पल्याडनं लखूमामाची हाक आली. "केशर, आन गे, किती येळ?"

मी हितनंच वरडून सांगितलं, "थांबा. मुरू दे."

परत हाक आली न्हाई. सगळी मानसं पल्याड हुबी ऱ्हायली, तिरडी घिऊन, आनि मी बसून ऱ्हायले. खापरातला पयला विस्तव काळा पडला. मी आत जाऊन दुसरा घेतला.